एवढ्याशा जिवाची आई

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाची एक लहानशी वाडी आहे. १६४२ सालच्या नाताळच्या दिवशी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिथल्या एका दगडी घरात मुलगा जन्मला. दिवस पुरे भरलेले नव्हते. मूल इतके लहान होते की ते जगेल असे घरात कोणालाच वाटेना. शेजारच्या नॉर्थ विदम गावी लेडी पॅकनहॅम राहत असत. त्यांच्याकडून बाळासाठी काही आणायला दोन बायकांना पिटाळण्यात आले. त्या निघाल्या खऱ्या. पण वाटेत एका शेताच्या कुंपणाशी, चढून पलीकडे जायला जी पायरी असते, तिच्यावर निवांत बसून राहिल्या. आपण परत जाईपर्यंत ते पोर काही टिकत नाही, मग धावपळ कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. ते पोर पुढे चौऱ्याऐंशी वर्षे जगले. त्याचे नाव आयझॅक न्यूटन.

न्यूटन आपल्याला भेटतो तो शाळेच्या पुस्तकात. सफरचंद, गुरुत्वाकर्षण, गतीचे तीन नियम आणि लोलकातून बाहेर पडणारे सात रंग. त्या पुस्तकात त्याची आई नसते. आज सांगायचे आहे ते तिच्याविषयी आणि त्या दोघांविषयी. अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याची आई यांच्यात माया कशी रुजते, ती दुखावते कशी आणि पुन्हा सांधते कशी, हे या जगप्रसिद्ध माणसाच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसते.

आईचे नाव हॅना. माहेर ॲस्क्यू घराण्याचे, शिकल्यासवरल्या लोकांचे. तिचा भाऊ विल्यम केंब्रिजचा पदवीधर आणि जवळच्याच एका चर्चचा धर्मगुरू होता. नवरा आयझॅक न्यूटन हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी, पण त्याला सही करता येत नव्हती. १६४२ च्या एप्रिलात लग्न झाले. ऑगस्टात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवरा वारला. लग्नाला सहा महिने झालेले, पोटात मूल, दारात मेंढ्या, देशात लढाई आणि तोंडावर थंडी. अशा अवस्थेत डिसेंबरात ती बाळंत झाली. मुलाला तिने बापाचेच नाव दिले.

बाळ केवढे होते? क्वार्टच्या मापात, म्हणजे आपल्या साध्या तांब्यात मावेल एवढे, असे घरात सांगत. मान धरायची ताकद नव्हती म्हणून गळ्याभोवती कापडाची वळकटी ठेवावी लागे. म्हातारपणी न्यूटनने या गोष्टी आपल्या भाचजावयाला, जॉन कॉन्ड्युइटला, स्वतः सांगितल्या आणि त्याने त्या लिहून ठेवल्या.

आपल्याकडे अशा मुलाला कापसात गुंडाळत, शेगडीच्या उबेला ठेवत. ओढून प्यायचे बळ नसे म्हणून बोळ्याने दूध पाजत. वूल्सथॉर्पमध्येही याहून वेगळे साधन नव्हते. ऊब देणारी काचेची पेटी पॅरिसच्या प्रसूतिगृहात आली ती १८८० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ दोनशे चाळीस वर्षांनी. १६४२ च्या हिवाळ्यात एवढ्याशा जिवाला तगवायला चुलीची धग, दूध आणि माणसाचे अंग एवढेच होते. त्या बळावर ते मूल तगले. आठवड्याने, नववर्षाच्या दिवशी, त्याचा बाप्तिस्माही झाला.

इथे कुंपणाच्या पायरीवर बसलेल्या त्या दोन बायकांकडे पुन्हा पाहायला हवे. त्या दुष्ट नव्हत्या. त्या काळी अशी मुले बहुधा जात, एवढे त्यांना ठाऊक होते. पण भोवतालची सगळी माणसे जेव्हा मनातल्या मनात बाळाला निरोप देऊन मोकळी होतात, तेव्हा त्याच्या आईने काय करायचे? आज अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या आईची हीच अडचण असते. जीव लावावा आणि तो गेला तर? मग ती नकळत हात आखडता घेते. बाळाचे नाव ठेवायला कचरते, त्याला हात लावायला घाबरते. तिच्यात माया कमी असते असे नाही. तो भीतीपोटी घातलेला बांध असतो.

बाळाच्या बाजूनेही अडचण असते. नऊ महिन्यांचे मूल टाहो फोडते, बोट घट्ट पकडते, टकमक बघते, छातीशी लुचते. आई त्याला उत्तर देते, तिला पाहून ते शांत होते आणि या देवाणघेवाणीतून दोघांची गाठ बसत जाते. लवकर आलेले मूल बराच वेळ झोपलेले असते, त्याचा आवाज क्षीण असतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. आई हाक मारते आणि पलीकडून उत्तर येत नाही. तिला वाटते, हे मूल आपल्याला ओळखतच नाही. खरे तर ते उत्तर देत असते, पण फार हळू आवाजात. ते ऐकायला त्याच्या अगदी जवळ असावे लागते.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट ओळखली ती पॅरिसच्या पिएर ब्युदाँ या प्रसूतितज्ज्ञाने. काचेच्या पेटीत ठेवलेली नाजूक मुले वाचत होती, पण आईपासून फार दिवस दूर राहिलेल्या मुलांत तिचे मन रमेनासे होई, हे त्याने पाहिले. म्हणून आयांनी रोज यावे, अंगावर पाजावे, पेटीच्या काचेतून बाळ पाहत राहावे, असा त्याचा आग्रह होता. तो १९०७ साली वारला आणि पुढची कित्येक वर्षे जगभरच्या रुग्णालयांनी नेमके उलटे केले. जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर ठेवले.

ते दार उघडले गरिबीने. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे सनाब्रिया यांच्या प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि मुले जास्त होती. त्यांनी टोपडे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीशी उभे धरून कापडाने बांधायला सुरुवात केली. कांगारूची आई पोर पोटाच्या पिशवीत सांभाळते, तसे. आई हीच पेटी झाली. पुढे घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय तीत होते. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या ३२११ बाळांपैकी काहींना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले, तर इतरांना प्रचलित पद्धतीप्रमाणे आधी पेटीत ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पेटीतल्या शंभर बाळांमागे सुमारे सोळा दगावली, छातीशी ठेवलेल्यांतली बारा. वूल्सथॉर्पच्या चुलीपुढे नाइलाजाने जे झाले असेल, ते आता शास्त्राने जाणूनबुजून स्वीकारले आहे.

असो. आपण हॅनाकडे परत जाऊ.

मुलगा तीन वर्षांचा झाला. त्याचा तिसरा वाढदिवस होऊन महिना लोटतो न लोटतो तोच, १६४६ च्या जानेवारीत, हॅनाने दुसरे लग्न केले. नवरा बार्नबस स्मिथ हा नॉर्थ विदमचा धर्मगुरू. वय त्रेसष्ट, मालदार, विधुर. त्याला बायको हवी होती, तिचे मूल नको होते. आयझॅक वूल्सथॉर्पलाच आजीजवळ राहिला आणि आई दीड मैलावरच्या गावी नांदायला गेली.

हे वाचताना चटकन तिला दोष द्यावासा वाटतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली आणि वारसांचे व अज्ञान मुलांच्या खात्यांचे कागद हातांखालून पुष्कळ गेले, म्हणून असेल, मला या लग्नातला करार आधी दिसतो. स्मिथने आयझॅकच्या नावे जमिनीचा एक तुकडा करून द्यायचा आणि वूल्सथॉर्पचे घर दुरुस्त करून द्यायचे, असे ठरले होते. हॅना हातात काही नसलेली विधवा नव्हती. पण युद्धाच्या धामधुमीत एकट्या बाईने शेती राखायची म्हणजे काय, हे कोणत्याही गावातली बाई सांगेल. तिने मुलाच्या डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची जमीन पक्की केली. फक्त तीन वर्षांच्या मुलाला जमिनीचा कागद वाचता येत नाही. त्याला एवढेच कळले, की आई होती आणि आता ती नाही.

तिसरे वर्ष हे या बाबतीत फार हळवे वय. सहासात महिन्यांपासून मूल आपले माणूस वेगळे ओळखू लागते आणि पुढची दोनअडीच वर्षे त्याचे सगळे जग त्या माणसाभोवती फिरते. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. अशा मुलांचा क्रम त्यांनी टिपला तो असा : आधी मूल आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते. आई आली तरी तोंड फिरवते. पाहणाऱ्याला वाटते, रुळले पोर.

आयझॅकने आठ वर्षे आजीजवळ काढली असे धरायला हरकत नाही, त्यात थोडेच महिने कमी असतील. आजीने त्याचे खाणेपिणे, शाळा सगळे पाहिले. तरी पुढे त्याने आजीविषयी जिव्हाळ्याचा एक शब्दही कुठे लिहिला नाही. आजोळच्या मायेवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे चमत्कारिक वाटेल. पण आजीच्या मांडीवर बसलेल्या या मुलाचे डोळे दीड मैलांपलीकडे लागलेले होते.

१६५३ साली स्मिथ वारला आणि हॅना परत आली. बरोबर तीन मुले होती : मेरी, बेंजामिन आणि हॅना. आयझॅक दहा वर्षांचा होता. ज्या आईची वाट पाहिली ती आली, पण तिच्या कडेवर दुसरेच मूल होते. दोनेक वर्षांत त्याला ग्रँथमच्या शाळेत घातले, तिथे तो एका औषधविक्याच्या घरी राहू लागला. सोळासतराव्या वर्षी आईने त्याला शेती पाहायला परत बोलावले. तो झाडाखाली पुस्तक घेऊन बसे आणि मेंढ्या दुसऱ्याच्या रानात शिरत. १६५९ च्या ऑक्टोबरात मेंढ्या, डुकरे आणि मोडके कुंपण यांपायी त्याला गावच्या न्यायसभेने दंड केल्याची नोंद आहे. अखेर मामाने आणि शाळामास्तर स्टोक्स यांनी हॅनाची समजूत घातली. स्टोक्सने तर आपली चाळीस शिलिंगांची फीही सोडून दिली.

१६६१ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, तोही वरच्या लोकांची कामे करून शिकणारा विद्यार्थी म्हणून. आई सधन होती, पण तिचा हात सढळ नव्हता. पुढच्याच वर्षी, एकोणीस वर्षांच्या आयझॅकने एका वहीत सांकेतिक लिपीत आपल्या पापांची यादी केली. त्यात आईवर चिडल्याचे आहे, बहिणीला ठोसा मारल्याचे आहे. आणि स्मिथ आईबापांना त्यांच्या घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिल्याचेही आहे. म्हणजे दहा वर्षांच्या आतल्या मुलाचा तो राग एकोणिसाव्या वर्षीही त्याला खुपत होता. ही यादी वाचून काही अभ्यासकांनी, विशेषतः फ्रँक मॅन्युएल यांनी १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात, न्यूटनच्या साऱ्या संशयी आणि भांडखोर स्वभावाचे मूळ त्या ताटातुटीत शोधले. सगळेच तिथून आले असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. पण आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने हा राग पाप म्हणून लिहिला. ज्याला आईविषयी काहीच उरलेले नसते, तो माणूस अशी यादी करत नाही.

हॅनाचे त्याला लिहिलेले एक पत्र उरले आहे, १६६५ च्या मे महिन्यातले. चार ओळींचे, अशुद्ध, कडा जळालेले. कपड्यांचा काही उल्लेख, बहिणींचा लोभ आणि दोनदा आईची माया. लिहिण्याची सवय नसलेल्या हाताने जेवढे जमले तेवढे तिने लिहिले होते.

त्याच उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले आणि तो वूल्सथॉर्पला परतला. मधले थोडे महिने सोडले तर १६६७ च्या वसंतापर्यंत तो तिथेच होता. सफरचंद पडताना पाहिल्याची त्याने सांगितलेली आठवण याच बागेतली. कलनशास्त्र, रंगांचा उलगडा, चंद्राला खेचणारे बळ, या सगळ्याचा पाया त्या काळात पक्का झाला. त्याच्या गणिताची मोठी वही होती ती मुळात सावत्र बापाची. धर्मविषयक टिपणांसाठी स्मिथने ती बांधली होती, पण पाने बहुतेक कोरीच राहिली होती. आयझॅकने त्या वहीला नाव दिले ते जमाखर्चातले, आपण कच्ची खर्डेवही म्हणतो तसले. ज्याचे घर जाळायचे होते, त्याच्याच कोऱ्या पानांवर त्याने नवे गणित मांडले.

१६६९ साली तो प्राध्यापक झाला. घराशी संबंध होता, पण बेताचा. मग १६७९ चा उन्हाळा आला. सावत्र भाऊ बेंजामिन स्टॅमफर्डला विषारी तापाने आजारी पडला. हॅना त्याच्या शुश्रूषेला गेली आणि तोच ताप तिला लागला. निरोप मिळताच न्यूटन केंब्रिजहून निघून आला.

या माणसाला जेवणाची आठवण राहत नसे. माणसांना तो टाळी. लग्न त्याने कधी केले नाही. तो रात्र रात्र आईच्या उशाशी जागत बसला. सगळी औषधे स्वतःच्या हाताने देत होता. त्या काळी तापावर उपाय म्हणून अंगावर फोड उठवीत. त्या फोडांचे धुणेपुसणे, मलमपट्टी त्याने कोणाला करू दिली नाही. प्रयोगांत तरबेज झालेली त्याची बोटे आईच्या अंगावर चालत होती. छत्तीस वर्षांपूर्वी एक न जगणारे मूल असेच कोणाच्या तरी हातांनी तगवले गेले होते. हॅना मात्र वाचली नाही. ४ जूनला कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये तिला पुरले. मालमत्तेची मुखत्यारी आणि बहुतेक वारसा तिने थोरल्याकडेच ठेवला होता.

त्या वर्षातला पुढचा बराच काळ तो त्याच घरी राहिला, व्यवहार मार्गी लावत. नोव्हेंबरअखेर केंब्रिजला परतला तेव्हा रॉबर्ट हुक यांचे ग्रहांच्या गतीविषयीचे पत्र येऊन पडले होते. तो पत्रव्यवहार, मग १६८४ साली हॅलीची भेट आणि १६८७ साली प्रिन्सिपिया, हा इतिहास सर्वांना माहीत आहे.

आईच्या शुश्रूषेने त्याचा स्वभाव बदलला असे मात्र नाही. हुकशी वैर राहिले, लाइबनिट्सशी भांडण त्याच्या मरणानंतरही शमले नाही, १६९३ साली मनाचा तोल ढळला होता. १६९६ साली सरकारी टांकसाळीवर गेल्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्याने निष्ठुरपणे पाठलाग केला. पण आईच्या दुसऱ्या संसारातल्या लेकरांशी तो वेगळा वागला. सावत्र बहिणीची मुलगी कॅथरीन त्याच्या लंडनच्या घरी राहिली. तिच्याच नवऱ्याने मामेसासऱ्याच्या आठवणी लिहिल्या, म्हणून तांब्यात मावणारे ते बाळ आणि आजारी आईची ती सेवा, दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. मार्च १७२७ मध्ये न्यूटन वारला तेव्हा मृत्युपत्र नव्हते. सुमारे बत्तीस हजार पौंडांची मिळकत सावत्र भावंडांच्या आठ मुलांत वाटली गेली. स्मिथच्या घरात आयझॅकला जागा नव्हती, आयझॅकची ही मिळकत स्मिथच्या नातवंडांकडे गेली.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांवर बरीच वर्षे संशोधन झाले आहे. त्यातून दिलासा देणारी गोष्ट पुढे येते. गंभीर आजार नसेल तर वर्षाच्या सुमारास यांतली बहुतेक मुले आईला तितकीच घट्ट धरून असतात, जितकी पुऱ्या दिवसांची. जन्मतःच्या पहिल्या काही तासांत जे जमले नाही ते कायमचे गेले, ही समजूत टिकलेली नाही. काचेबाहेर गेलेले आठवडे भरून येतात. मात्र ते आपोआप येत नाहीत. रोज अंगाशी धरून, पाजून, पुसून, बोलून येतात. दूध अंगावर पाजता येत नसेल तर काढून देऊनही येतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी. आमच्या बँकांनी मान लववावी अशी ही पेढी.

म्हणून तुमच्या घरात, शेजारात असे एवढेसे मूल आले तर बाळंतिणीला एवढ्यात जीव लावू नकोस असे सांगू नका. तिला बाळाजवळ बसू द्या, बाकीचे काम आपण वाटून घ्या. बापानेही सदरा काढून त्याला छातीशी घ्यावे, डॉक्टर आता तसे सांगतात. आणि एखादीला पोटासाठी, घरासाठी मुलापासून दूर राहावे लागलेच, तर तिच्यावर शेरा मारायला आपण कोणी न्यायाधीश नाही. तिच्यासाठी परतीची वाट मोकळी राहील एवढे पाहावे. हॅनाला ती मिळाली. तिच्या मुलाला तिथे पोचायला तेहतीस वर्षे लागली, पण तो पोचला.